आधी चालू की आधी उचलू?

या वेळच्या टपालात एकाच प्रश्नाची बरीच रूपं आहेत. वजन उतरवायचंय, तर चालावं-पळावं की वजनं उचलावीत, आणि दोन्ही करायचं तर सुरुवात कुठून करावी? नव्या वाचकांसाठी सांगते, मी साताऱ्यात वर्षानुवर्षं शाळेत पी.टी. शिकवली आणि आता घराच्या गच्चीवर पत्र्याखाली बायकांचा व्यायामवर्ग घेते. मी डॉक्टर नाही. औषधाचं काही विचारलंत तर तुम्हाला डॉक्टरांकडेच पाठवणार.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, गोडोलीत राहते, नोकरी करते. उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. गेले काही महिने मैत्रिणीबरोबर रोज सकाळी पाऊण तास चालते. सुरुवातीला दोन किलो उतरले, मग काटा हलेना. भाचा म्हणाला, "मावशी, चालून काही होत नसतं, जिम लाव." लावली. तिथल्या मुलाने पहिल्याच दिवशी तासभर ट्रेडमिल आणि तासभर मशीन करायला लावलं. तीन दिवसांत मला जिना उतरता येईना, सोडून दिलं. कार्डिओ (दमाचा व्यायाम) आणि स्ट्रेंथ (ताकदीचा) दोन्ही हवं असं सगळे म्हणतात, पण सकाळचे डबे, ऑफिस, घरात म्हातारी माणसं, यातून जमवायचं कसं? आणि आधी काय करायचं?

उत्तर : ताई, आधी त्या तीन दिवसांचं बोलू, कारण बहुतेक जणींचा व्यायाम तिथेच संपतो. तुमच्या मांड्यांत बिघाड काही झाला नव्हता. अंगाला सवय नसलेलं काम केलं की स्नायू दुखतात. हे दुखणं लगेच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त कळ येते, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. तेव्हा दुखण्याला घाबरू नका, पण पहिल्या दिवशी दोन तास हा नवख्या माणसाचा डोस नव्हे. आणखी एक. व्यायामानंतर लघवी गडद, कोऱ्या चहासारखी झाली किंवा स्नायू सुजून टणक झाले, तर हळद-तेल चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. असं क्वचित होतं, पण ते अंगावर काढण्यासारखं नसतं.

आता तुमचं चालणं. भाच्याचं म्हणणं खरं नाही. ७४ किलोची बाई पाऊण तास भराभर चालली तर सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास खर्च होतात. पण 'भराभर' म्हणजे काय? चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढी धाप लागली पाहिजे. गोडोलीच्या तळ्याकडे सकाळी मी जोड्या पाहते ना, एकीची सून, दुसरीची जाऊ, दोघींचं पुराण न अडखळता शेवटापर्यंत जातं. ते फिरणं मनाला उत्तम, मी कुणाचं बंद करणार नाही. पण सुरुवातीला ज्या वेगाने दम लागायचा त्याच वेगाने आज लागत नसेल, तर शरीर सरावलंय. वेग वाढवा, नाहीतर चढ शोधा. आणि साताऱ्यात चढ शोधावा लागत नाही! समर्थ मंदिराकडून 'चार भिंतीं'च्या चढाला निघालात की पाचव्या मिनिटाला सुनेचा विषय आपोआप बंद पडतो.

काटा अडायचं दुसरं कारण स्वयंपाकघरात आहे. चालून आलं की भूक लागते, आणि 'आज चालून आलेय' म्हणून हातही सैल सुटतो. मूठभर शेंगदाणे म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात १७० कॅलरी. आपल्याकडे शेंगदाणा कशात नसतो? म्हाद्यात आहे, चटणीत आहे, उसळीवर कूट आहे, उपासाला तर विचारूच नका. शेंगदाणा वाईट नाही, चांगलाच आहे, पण तो डब्यात हात घालून खायचा नाही, मोजून वाटीत काढून खायचा. वजन उतरवण्याचं मोठं काम जेवणाच्या ताटावर होतं, व्यायाम त्याला साथ देतो. रोजच्या खाण्यातून तीन-चारशे कॅलरी कमी झाल्या तरी पुष्कळ. सासूबाईंना न दुखावता एक भाकरी आणि चहातली साखर कमी करता येते, असा माझ्या वर्गातल्या बायकांचा अनुभव आहे.

मग वजनं कशाला उचलायची? इथे तुमच्या भाच्यासारखी मुलं सांगतात की स्नायू वाढले की बसल्या जागी चरबी जळते. हे फार फुगवून सांगितलेलं असतं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी वापरतो. चमचाभर साखरेतही त्याहून जास्त असतात. खरं कारण वेगळं आहे. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर जे किलो जातात त्यांत चरबीबरोबर स्नायूही जातात, सर्वसाधारणपणे चौथ्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे आठ किलो उतरले तर त्यातले दोन किलो तुम्हाला नको असताना गेले. चाळिशीत स्नायू तसेही हळूहळू कमी होत असतात. म्हणून असं वजन उतरलेली बाई बारीक दिसते पण गॅसचा सिलेंडर सरकवताना दमते. स्नायूंना आठवड्यातून दोनदा काम दिलं आणि पोटात पुरेसं प्रोटीन गेलं, तर शरीर चरबीवर जास्त हात घालतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते, ती ही जोडी.

तुमचा आठवडा मी असा लावला असता. सोमवार आणि गुरुवार ताकदीचा व्यायाम, अर्धा तास, घरीच. मंगळवार, बुधवार, शनिवार चालणं. त्यातही पहिले दोन आठवडे वेग वाढवा, वेळ तीच ठेवा. शुक्रवारी सुट्टी, कारण शुक्रवारी तुम्ही तशाही थकलेल्या असता. रविवारी वेळ हाताशी असेल तर अजिंक्यतारा किल्ल्याच्या डांबरी रस्त्याने वर जा. पण पहिल्या रविवारी दरवाज्यापर्यंत जायचा हट्ट नको, निम्म्यातून फिरा. वर जाणं दमाचं, खाली येणं मांड्यांचं, आणि सोमवारी पुन्हा बैठका आहेत. पावसाळ्यात पायऱ्यांवर आणि दगडांवर शेवाळ धरतं, तेव्हा गड नको.

आधी काय, हा तुमचा प्रश्न वेगवेगळ्या दिवसांमुळे उरतच नाही. एखाद्या आठवड्यात एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं, तर पाच मिनिटं अंग मोकळं करून आधी ताकदीचा व्यायाम, मग चालणं. चालून थकलेल्या पायांनी बैठक मारली की गुडघे आत वळतात, कंबर गोल होते. उलट, बैठकांनी थकलेल्या पायांनी चालायला फारसं बिघडत नाही. वजन उतरण्याच्या दृष्टीने मात्र क्रमाने फरक पडत नाही, त्यावर डोकं शिणवू नका.

आता ते अर्ध्या तासाचं. चार प्रकार पुरे आहेत, पण नीट.

खुर्चीची बैठक. खुर्ची पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पाय खांद्याएवढे लांब, चवडे किंचित बाहेर. हात पुढे. आता बसायचं ते मागे, जणू खुर्ची तुम्हाला वाटते त्याहून वीतभर मागे आहे. टाचा जमिनीवर रोवलेल्या. एक, दोन, तीन म्हणत खाली, बूड खुर्चीला टेकलं न टेकलं की वर. माझ्या वर्गात नवी बाई शेवटच्या चार इंचांत हमखास अंग सोडून देते आणि धप्पकन आवाज येतो. तो धप्प आला की ती बैठक मी मोजत नाही. सगळी मजा त्या शेवटच्या चार इंचांत आहे, तिथे मांडी थरथरते आणि तिथेच ताकद येते. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवा, खाली कमी जावं लागेल.

दुसरा प्रकार ओट्यावरचे जोर. तालमीतले जोर जमिनीवर असतात, आपले स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर. ओटा आधी कोरडा पुसा, ओल्या ग्रॅनाइटवर हात घसरतो. टाच ते डोकं सरळ रेषेत ठेवून छाती ओट्याकडे न्या आणि ढकलून परत. तिसरा, पिशवी ओढणं. कापडी पिशवीत चार-पाच किलो तांदूळ भरा, एक हात खुर्चीवर टेकवून कमरेतून वाका, दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीला कोपर घासत वर ओढा, हळू सोडा. दोन्ही बाजूंनी. चौथा, तीच पिशवी दोन्ही हातांनी मांडीपुढे धरून कमरेतून वाकायचं आणि उठायचं, पाठ सपाट, गुडघे किंचित सैल. पाण्याची बादली कशी उचलावी याची ही तालीमच आहे.

प्रत्येकी ८ ते १२ वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं थांबून दोन सेट, म्हणजे दोन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण आकार बिघडता कामा नये. थांबताना अजून दोन-तीन निघाले असते असं वाटलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात तर एकच सेट करा आणि 'हे काय, एवढंच?' असं वाटत असतानाच थांबा. दोन्ही सेट १२ पर्यंत सलग दोनदा आरामात झाले की पिशवीत किलोभर तांदूळ वाढवा. हे वाढवणं सोडलं तर ताकद जिथल्या तिथे राहते. एकच दोन किलोचं गुलाबी डंबेल वर्षभर हलवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. डंबेल जुनं झालं, बाई तशीच. आणि एखाद्या आठवड्यात पाहुणे आले, वेळ नाही, तर चालणं कापा, हे दोन अर्धे तास कापू नका. चालणं दहा-दहा मिनिटांनी दिवसभरात वेचता येतं, पोवई नाक्यापर्यंत रिक्षा न करता जाता येतं. बैठका तशा वेचल्या जात नाहीत.

प्रोटीनचं थोडक्यात. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे तुम्हाला ६० ग्रॅमच्या वर, आणि वजन उतरवताना थोडं जास्तच बरं. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. शाकाहारी असाल तर प्रत्येक जेवणात घट्ट डाळ, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, दही, यांपैकी काहीतरी ठळक दिसलं पाहिजे. ताटात भाकरी दोन आणि वरणाचं पाणी वाटीभर, याला मी प्रोटीन म्हणत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर.

बैठका सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा अर्धा-एक किलो वर गेला तर तो फेकू नका. कामाला लागलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, पाळीच्या आधीही तसं होतं. आठवड्यातून एकदाच, सकाळी, रिकाम्या पोटी वजन करा आणि महिन्यातून एकदा बेंबीपाशी टेप लावा. भारतीय बायकांसाठी कमरेची हद्द ८० सेंटिमीटर धरतात. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर वेग उत्तम समजा.

प्रश्न : मी कोरेगावचा, वय ५४, बियाणं-खतांचं दुकान आहे, दिवसभर बैठं काम. वजन ९६ किलो, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू. मित्र साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करतोय. त्याच्याबरोबर पळायला सुरुवात करू का?

उत्तर : दादा, नको. यवतेश्वरचा घाट चढून उतरायचं ते २१ किलोमीटरचं अंतर, घाट कुठे जात नाही. आधी डॉक्टरांना भेटा, व्यायाम सुरू करतोय म्हणून स्पष्ट सांगा आणि तुमच्या गोळ्यांपैकी कुठली साखर एकदम खाली आणू शकते ते विचारा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामात साखर उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खायला खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा. आणि चालताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ जाणवली तर तिथेच थांबायचं, 'गॅस झाला असेल' म्हणायचं नाही.

सुरुवात दुकानातूनच करा. दुपारी आणि रात्री जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. आठवड्यातून दोनदा वरच्या ताईंना सांगितलेली खुर्चीची बैठक आणि ओट्यावरचे जोर. मांडीचे मोठे स्नायू कामाला लागले की तेही रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे तुमच्यासारख्याला बैठकांचा दुहेरी फायदा. फक्त वजन उचलताना श्वास कोंडू नका, त्याने बीपी क्षणात उसळतो. जोर लावताना श्वास बाहेर. दुकानात पोती उचलताना तुम्ही दात-ओठ खाऊन श्वास धरता, ती सवय आधी मोडा. बूट चांगले घ्या आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघा. मधुमेहात फोड आलेला कळत नाही.

प्रश्न : मी कराडचा, २२ वर्षांचा. पाच महिने जिम करतोय. पोट कमी करायचंय, पण धावलं की कमावलेले स्नायू जळतात असं जिममधली मुलं म्हणतात. खरं का?

उत्तर : तुझ्या गावाशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. पैलवान जोरही मारतो, बैठकाही मारतो, पळतोही आणि वर लढतीही करतो. त्याला कुणी विचारलं नाही, स्नायू जळाले का म्हणून.

या भीतीला मूळ आहे, ते सांगते. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकांनी दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्याला पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा, असं दोन्ही जोरात करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्यापासून अडली आणि पुढे थोडी घसरली. म्हणजे अकरा सत्रं! तू किती करतोस? तीन दिवस वजनं आणि दोन-तीन दिवस अर्धा तास धावणं यात नवख्याचं काही बिघडत नाही, दोन्ही वाढतं. पायांचा जड दिवस आणि लांब धावण्याचा दिवस एकमेकांना लागून ठेवू नकोस, आणि वेटच्या आधी तासभर धावून येऊ नकोस, एवढं पाळ. स्नायू खरे जातात ते अर्धपोटी राहून आणि रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून.

प्रश्न : मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे. तिला दहा किलो कमी करायचेत आणि पोट सपाट हवंय. रोज शंभर पोटाचे व्यायाम करते. वजनं उचलली तर दंड पुरुषांसारखे होतील म्हणून घाबरते. — वाई

उत्तर : ताई, दंडाची भीती मुळीच नको. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, दोन महिन्यांत तर खांद्यांना जरा आकार येईल इतकंच, तो साडीत छान दिसतो. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यांच्यावरची चरबी काही तिथल्या तिथे वितळत नाही. ती सगळ्या अंगावरून आपल्या मर्जीने जाते, आणि पोटावरची बऱ्याचदा शेवटी. शंभराऐवजी वीस करू दे, उरलेल्या वेळात बैठका आणि जोर.

दहा किलोचा हट्ट सोडा. चार, फार तर पाच. त्यापेक्षा जास्त उतरवायला मुलगी उपाशी राहील, केस गळतील, चेहरा ओढलेला दिसेल, आणि हळदीच्या दिवशी चक्कर आली की सगळे तुम्हालाच विचारतील. केळवणं सुरू होणार आहेत, तिथे ताट नाकारता येत नाही. तेव्हा ज्या दिवशी केळवण त्या दिवशी सकाळी चालणं आणि बाकीच्या दोन वेळा हलकं खाणं, असं ठरवा. आणि शिंप्याला ब्लाउजचं माप आत्ता देऊ नका. शेवटच्या पंधरवड्यात द्या, आत दोन्ही बाजूंनी इंचभर कापड राखायला सांगून.